मोंबासाहून परत आलेल्या पेट्या

टॉर्चला आमच्या नागपुरात बॅटरी म्हणायचे आणि तिच्या पोटात घालतात तो सेल. असे सेल बनवण्यात माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. संपला की उकिरड्यावर टाकायची ही वस्तू. पण ती बनवायला किती हात लागतात हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं, आणि मला ते सांगायचा कंटाळा येत असे. कुणी विचारलं तर मी म्हणायची, "कंपनीत जाते." काय बनतं ते सांगायची नाही.

आम्ही तांडापेठेतले कोष्टी. वडिलांचा माग घरातच होता. सूत मिळेना, मिळालं तर साडी खपेना, आणि पलीकडच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला. एका उन्हाळ्यात वडिलांनी मागावर चादर टाकली आणि ती पुन्हा काढली नाही. मी तेव्हा मॅट्रिक नापास होऊन घरी बसले होते. शेजारच्या एका बाईने सांगितलं की कामठी रोडवरच्या सेलच्या कारखान्यात धागा बांधायला मुली घेतात. वडील म्हणाले, "जा. सूत तं सुटलं नाही ना हातचं." ते हे चांगल्या मनाने म्हणाले की कडूपणाने, मला आजही नक्की सांगता येत नाही.

कारखाना म्हणजे टिनाच्या छपराचे तीन हॉल आणि मागे एक बंद खोली. त्या खोलीत मसाला व्हायचा. आमच्याच जिल्ह्यातल्या खाणींमधून आलेली मँगेनीजची काळी भुकटी, काजळी आणि नवसागर कालवून केलेला मसाला. तिथे काम करणारी माणसं दुपारी डबा खायला बाहेर आली की फक्त डोळे आणि दात दिसायचे. तो मसाला कोळशाच्या कांडीभोवती दाबून त्याचा जाड खुंटा करायचे. त्याला आम्ही बाहुली म्हणायचो. बाहुलीला पातळ मलमलीचं फडकं गुंडाळून वरून धागा आवळायचा, हे मुलींचं काम. मग ती जस्ताच्या डबीत उतरायची, भोवती पिठाची खळ ओतायची, आणि शेवटी तोंडाशी गरम डांबर ओतून डबी बंद करायची.

डांबराच्या टेबलावर काकू होती. मौद्याकडच्या खेड्यातली, शेतकरी घरातली. नवरा गिरणीत होता म्हणून शहरात आलेली. मी पहिल्या दिवशी भीतीने धागा इतका घट्ट ओढत होते की बाहुलीचा मसाला भुरभुर खाली पडत होता. ती डांबराची किटली हातात धरूनच माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"अवं पोरी, इतकं काहून आवळून राहिली? गळा दाबतं का तिचा?"

सगळ्या हसल्या. मला रडू आलं. काकूने किटली खाली ठेवली, माझ्या बाजूला बसली आणि दहा बाहुल्या बांधून दाखवल्या. दोन वेढे सैल, एक घट्ट, मग गाठ. तिचे हात जाडजूड, डांबराच्या डागांनी भरलेले, पण बाहुलीवर ते असे फिरायचे की वाटावं तान्ह्या लेकराला टोपडं बांधते आहे. त्या दिवसापासून डबा तिच्याच शेजारी बसून खायचा हे ठरून गेलं. ती मला आंबाडीची भाजी द्यायची, मी तिला माझ्या डब्यातलं लोणचं. चार वर्षं असंच चाललं. सकाळी सात ते साडेतीन उभं राहायचं, घरी येऊन हातांचा काळेपणा घासायचा, तो जायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग परदेशाची ऑर्डर आली. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत आमचे सेल आफ्रिकेत मोंबासाला जाणार होते. कारखान्यात पेढे वाटले. नवी लेबलं आली, पिवळी, त्यांवर इंग्रजी अक्षरांत कोणत्याशा भाषेतले शब्द. आम्ही ते वाचून पाहायचो आणि हसायचो. आमच्या कारखान्याचं नाव लेबलावर नव्हतंच. बुडाजवळ बारीक अक्षरात देशाचं नाव तेवढं होतं.

मॅट्रिकपर्यंत शिकलेली म्हणून मॅनेजर साहेबांनी मला धाग्यावरून उचलून मीटरवर बसवलं. प्रत्येक सेल मीटरला टेकवायचा, काटा खुणेच्या पुढे गेला तर पास. पण लगेच नाही. सेल बंद झाल्यावर एकवीस दिवस कोठीत नुसते ठेवायचे. ज्याच्यात खोट असेल तो त्या दिवसांत आपणहून बसतो, त्याचा जोर उतरतो. एकवीस दिवसांनी परत मीटर लावायचा आणि मगच पेटीत भरायचा. प्रत्येक पेटीत वर एक चिठ्ठी टाकायची. तिच्यावर तपासणाऱ्या बाईचा नंबर. माझा नंबर चौदा होता. मला त्या चिठ्ठीचं फार कौतुक होतं. वाटायचं, कुणीतरी तिकडे दूर पेटी उघडेल आणि पहिल्यांदा माझा नंबर पाहील.

दुसऱ्या वर्षी जस्ताच्या डब्या नव्या ठिकाणाहून आल्या. हाताला हलक्या लागत होत्या. काकूच मला म्हणाली, "ह्या डब्या पाय गा कशा लागून राहिल्या, पापडावानी." मला ती कधी कधी लाडाने पोरासारखं 'गा' म्हणायची. मी लक्ष ठेवलं. अकराव्या दिवशी कोठीत गेले तर काही सेलांच्या बुडाशी लेबल ओलसर झालेलं दिसलं. बोट लावलं तर पांढरी बुरशीसारखी पूड. मी तीन-चार सेल ओढणीत घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब वाईट माणूस नव्हते. महाल भागातले, घरी म्हातारी आई, स्वभावाने भित्रे. मुंबईहून ट्रंककॉल आला की उभे राहून बोलायचे. त्यांनी सेल हातात घेऊन उलटेपालटे केले आणि टेबलावर ठेवले.

"चार निघाले ना? चार बाजूला काढ."

"साहेब, अजून दहा दिवस ठेवू द्या. आणखी निघतील."

"बाई, जहाज आपल्यासाठी थांबत नसतं. परवा वॅगन लागते आहे. मीटरला पास आहेत ना? मग चिठ्ठ्या टाक."

मी चिठ्ठ्या टाकल्या. मीटरला खरोखरच पास होते. दोन दिवस आम्ही सगळ्या पेट्या ठोकत होतो, खिळे मारून हात दुखत होते, आणि मला आठवतं की मला काळजीपेक्षा जास्त करून झोप येत होती.

सात-आठ महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, ट्रकमधून वीस-पंचवीस पेट्या मागच्या दाराशी उतरल्या. सगळा माल नाही, नमुना म्हणून परत पाठवलेला. पेट्यांच्या फळ्या आतून फुगलेल्या होत्या. पहिली उघडली आणि नवसागराचा तो ओला, नाक झोंबवणारा वास हॉलभर झाला. वर चिठ्ठी होती, पिवळसर, चिकट. चौदा नंबर.

आठवडाभर आम्ही ते सेल वेगळे करत बसलो. चांगले राहिले असतील ते पुसून, नवं लेबल लावून आसपासच्या बाजारांत पाठवायचे होते. चांगले फार नव्हतेच. फुटलेल्यांतली खळ बोटांना लागून कातडी सोलत होती. काकू एकेक सेल उचलायची, आधी तोंडाकडे पाहायची. डांबर जसंच्या तसं. मग उलटा करायची. बुडाशी जस्ताला भोकं पडलेली, सुईने टोचल्यासारखी.

"माहं डांबर नाही गळलं," ती एवढंच म्हणायची आणि पुढचा उचलायची.

मग एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर मुंबईला पाठवायचा टाईप केलेला कागद होता, इंग्रजीत. त्यांनी त्याचा अर्थ सांगितला. माल तपासताना डांबराची सीलबंदी कच्ची असल्याचं मला आढळलं होतं, आणि ती त्या टेबलावरच्या कामगाराची चूक होती.

"असं नाही झालं साहेब."

"मला माहीत आहे." ते खिडकीबाहेर पाहत होते. "डब्या कुणी घेतल्या ते मुंबईला माहीत आहे. पण ते कागदावर येणार नाही. कागदावर कुणाचंतरी नाव यायचंच. पेट्यांत चिठ्ठ्या तुझ्या आहेत. तू सही नाही केलीस तर ते तुझं येईल."

"काकूला काढणार?"

"काढणार नाही. शब्द देतो. दुसरीकडे बदली करतो. तुला मीटरवरच ठेवतो."

मी घरचा विचार केला, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. वडील दिवसभर ओट्यावर बसून असत. धाकटी बहीण शाळेत होती. हे सगळं खरं होतं. पण त्या केबिनमध्ये मला त्यातलं काहीच आठवलं नाही. पंख्याखाली बसले होते, बोटं जळजळत होती, आणि हे एकदाचं संपावं एवढंच वाटत होतं. मी सही केली. साहेबांनी शाईचा डाग पडू नये म्हणून टीपकागद दाबला.

दुसऱ्या दिवशी काकूची बदली मसाल्याच्या खोलीत झाली.

तिने मला काहीच विचारलं नाही. बातमी लपणारी नव्हती, टायपिस्टने ती दुपारपर्यंत हॉलभर केली होती. मी डबा घेऊन नेहमीच्या जागी बसले. ती बाहेर आली, तोंड काळंठिक्कर, पदराने डोळे पुसले आणि नळाच्या कडेला मसाल्याच्या माणसांमध्ये जाऊन बसली. आम्ही पुन्हा एकत्र जेवलो नाही. मी एकदा लोणचं घेऊन गेले. तिने घेतलं, "बरं" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून खाल्लं.

नवीन डब्या आल्या, जाड. परदेशाचा माल पुन्हा सुरू झाला. एकवीस दिवस कधी पाळले जायचे, कधी नाही. मी मीटरवरून सुपरवायझर झाले. लग्नाची दोन-तीन स्थळं आली आणि गेली, मग यायची थांबली. बहिणीचं लग्न झालं. वडील गेले. या सगळ्या वर्षांमध्ये मला जर काही एक गोष्ट सतत वाटत राहिली असेल तर ती म्हणजे थकवा. शुक्रवारच्या सुट्टीला झोपून उठलं तरी तो जायचा नाही.

काकू पाच वर्षं मसाल्यात होती. आधी मला वाटलं ती मुद्दाम हळू चालते. मग दिसलं की तिचं पाऊल अडकतं, उंबरा ओलांडताना ती दाराला धरते. हसणं तर कधीच गेलं होतं, आता चेहरा हलेनासा झाला. एकदा नळावर पेला धरताना तिचा हात इतका थरथरला की पाणी सगळं साडीवर सांडलं. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा वय झालं म्हणाले. ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. मसाल्यातल्या आणखी दोघांची चाल तशीच झाली होती, पण तिघांना एकत्र करून कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

ऐंशी सालाच्या थोडं पुढे मोंबासाचा व्यापारी स्वतः आला. आमची समजूत होती की कुणी आफ्रिकन साहेब येईल. आला तो कच्छकडचा म्हातारा, पांढरा सफारी सूट, तीन पिढ्या तिकडे राहिलेला, बोलायला साधा. साहेबांनी त्याला सगळा कारखाना दाखवला. मीटरच्या टेबलाशी आल्यावर त्याने आपल्या बॅगेतून रुमालात गुंडाळलेला एक सेल काढला. जुना, पिवळं लेबल. चाकूने त्याने लेबल सोललं आणि बुडाशी भोकं पडलेला तो सेल माझ्यापुढे धरला.

"बहन, ये माल किसने चेक किया था?"

साहेब पुढे झाले. "वो पुरानी बात है शेठ. सील में गलती थी. उस वर्कर को हटा दिया."

म्हाताऱ्याने सेल वर करून डांबराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी आधी काही ठरवलं नव्हतं. आदल्या दिवशी मी काकूला फाटकाला धरून आत येताना पाहिलं होतं, एवढंच. मी म्हणाले, "मैंने किया था, शेठजी. सील अच्छा था. डब्बा पतला था. इक्कीस दिन रखना था, ग्यारा दिन रखा."

साहेबांचं तोंड उतरलं. हॉलमध्ये बायकांचे हात थांबले. मला वाटलं, आता सगळं कोसळेल.

म्हाताऱ्याने मान हलवली. "मालूम है," तो म्हणाला. "मैं तब भी जान गया था. अब इक्कीस दिन रखते हो?"

"रखेंगे," साहेब घाईने म्हणाले.

"रखो. हमारे यहाँ गाँव में बिजली नहीं है. लोग इसी पर रात निकालते हैं."

आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. चहा झाला, फोटो झाला. नवी ऑर्डर आधीच्यापेक्षा मोठी आली. मला कुणी काढलं नाही. जे बोलायला मला इतकी वर्षं लागली होती ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांना त्याचा उपयोग नव्हता, एवढाच काय तो फरक. घरी येऊन मी न जेवता पडून राहिले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तीन दिवसांनी मी साहेबांना सांगितलं की काकूला मसाल्यातून काढून लेबलावर बसवा. त्यांनी लगेच होकार दिला. पण तिने निरोप पाठवला की हात चालत नाही, आता येणार नाही. तेव्हा मी तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. नवरा कामावर होता. मी सगळं सांगितलं, कागद, सही, केबिन, आणि आता शेठसमोर काय बोलले ते. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं, त्यामुळे मला कळेना की बोलत राहावं की थांबावं.

"मले माहीत होतं वं," ती शेवटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "टायपिस्टनं त्याच दिवशी सांगतलं."

"मग तू कधी बोलली काहून नाही?"

"तू बोलशील म्हणून वाट पायली. तुया घरचं मले ठाऊक होतं. तुहा बाप बसून होता. तू मले येऊन इचारलं असतं ना, तं मीच म्हणली असती, कर सही. माही पोरं मोठी होती. म्या केलं असतं कसंबी. पण तू इचारलं नाही."

मी म्हणाले, "चुकलं काकू."

"चुकलंच," ती म्हणाली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मला तिला ते म्हणायला लावायचं धाडस झालं नाही. थोड्या वेळाने तिने केसांकडे हात नेला, तो अर्ध्यातच खाली आला. चार दिवसांपासून फणी लागली नव्हती. मी कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली. तिने नाही म्हटलं नाही. केसांत मसाल्याची काळी पूड अजून बसलेली होती. फडक्याने पुसली तरी निघत होती.

त्यानंतर मी दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, तिच्याकडे जाऊ लागले. केस विंचरायचे, वेणी घालायची, कधी भाकरी कुस्करून भरवायची. कारखान्याबद्दल आम्ही बोललो नाही. ती खेड्यातल्या गोष्टी सांगायची, नदीकाठच्या वांग्यांच्या, कुठल्याशा चुलत बहिणीच्या लग्नात पळून गेलेल्या बैलाच्या. पुढे पुढे वाक्य अर्ध्यात राहायचं आणि मी ते पुरं करायची. बरोबर असलं की ती पापणी मिटायची. काही शुक्रवारी मला जायचा इतका कंटाळा यायचा की मी सीताबर्डीला उतरून उगाच दुकानांसमोरून फिरत राहायची, आणि मग उशिरा का होईना, जायची. उशीर झाला म्हणून ती कधी रागावली नाही. दाराकडे तोंड करून बसलेली असायची.

तीन वर्षं असं चाललं. ती गेली त्या हिवाळ्यात मोठ्या कंपन्यांचे पत्र्याच्या आवरणातले सेल बाजारात आले होते, न गळणारे, आणि आमच्या कारखान्याची परदेशी ऑर्डर बंद झाली होती. हॉलमध्ये आम्ही नऊ जणी उरलो होतो. बातमी सकाळी कामावरच कळली. साहेबांनी आपणहून मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, आणि फाटकापर्यंत सोबत आले. ते काहीतरी बोलणार होते. मी थांबले नाही. कामठी रोडवर बस लवकर मिळेना, म्हणून तिच्या चाळीकडे पायीच निघाले.